दुसरा फुगा

सुजाताबाई धीराच्या होत्या, असं त्यांच्या घरचं कुणी म्हणणार नाही. कुकरची शिट्टी लांबली तरी त्या दोनदा उठून बघत. पण नारायणगुड्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवताना त्यांना कधी घाई नव्हती. पुढे नव्या वाऱ्यात जो तो पोरांना इंग्रजीत घालू लागला आणि शाळेने बाईंना नारळ दिला. त्याच साली नवऱ्याच्या कारखान्यालाही टाळं लागलं. आता घर चालायचं तर बाईंना नोकरी हवीच होती.

दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासने त्यांना एक धडा शिकवून दाखवायला बोलावलं. मालक रेड्डीसर घड्याळ बघत दाराशी बसले. "बीस मिनट, मॅडम."

तिथे सगळा कारभार खडू-फळ्यावर. बाई मात्र पिशवीत दोन बाटल्या आणि बेगम बाजारातले फुगे घेऊन गेल्या. एकीत हायड्रोक्लोरिक, दुसरीत सिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, अ‍ॅसेटिक आम्ल. दोन्ही सारख्याच प्रमाणात, मॅग्नेशियमची फीतही सारखीच. तोंडाला फुगे बसवून बाईंनी फिती आत सोडल्या. पहिला फुगा बघता बघता टरारला. पोरांनी टाळ्या पिटल्या. दुसरा मेला मान टाकून बसला! शाळेत जोडतास असायचा, तिथे तो रेंगाळत शेवटी पहिल्याएवढा भरला तरी चालायचं. इथे वीस मिनिटं आहेत, हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बस, समझ गए. स्ट्राँग भरता, वीक नहीं भरता," म्हणत सर उठले.

म्हणजे नोकरी तर गेलीच, वर चुकीचं शिकवून गेल्याचा ठपका! बाईंचा हात बाटली हलवायला पुढे झाला.

"बाई, नका हलवू! बुडबुडे येतायत अजून."

बाई? इथे तर जो तो मॅडम म्हणत होता. शेवटच्या बाकाशी तेजश्री उभी होती. सातवीनंतर तिला मराठी शाळेतून काढून इंग्रजीत घातलं, तेव्हा बाईंनी घरी जाऊन तिच्या आईला विनवलं होतं. पोर गेली ती गेलीच. आता इंटरला, म्हणजे बारावीला, नापास होऊन इथे बसली होती.

ती सरांकडे वळली. "सर, ठैरो ना थोडा. मेरेकू भी पिछले साल टाइमच कम पडा था."

वर्ग खो खो हसला. सरही हसत पुन्हा टेकले. बाईंना धीर आला. "पहला सब एकदम देता," त्या सांगू लागल्या, "ये थोडा थोडा देता, पर पीछे कुछ नहीं रखता." बोलता बोलता दुसऱ्या फुग्याने मान वर काढली आणि तो हळूहळू पहिल्याच्या बरोबरीला आला.

"सोमवार से आओ, मॅडम," सर म्हणाले. "लेकिन वो सिरका पहले चालू करना!"

जिन्यात तेजश्री थांबली होती. "आता तुम्हीच शिकवणार ना, बाई?" बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

पुढे केस पिकेपर्यंत बाईंनी त्या क्लासात शिकवलं. सिरक्याची बाटली आधी लागायची, तरी फुगा उठेपर्यंत पोरं कुरकुरायचीच. बाई म्हणायच्या, "ठैरो रे. मेरे वास्ते भी एक लडकी ठैरी थी."