परळला अर्धा गाल ठेवून आले

मालवणहून बोट सुटली तेव्हा मी पदराने तोंड गच्च बांधून बसले होते. वारा लागला की उजव्या गालात वीज कडाडायची. तीन वर्षं हे चाललं होतं. गावच्या दात काढणाऱ्याने त्या बाजूचे पाच चांगले दात उपटले, दुखणं जागच्या जागी राहिलं. चावता येईना, बोलता येईना. परळच्या इस्पितळात सुई टोचून हे थांबवतात, असं भाच्याने कळवलं म्हणून निघाले.

भाचा वसंता भाऊच्या धक्क्यावर आला होता. लालबागला त्याची एक खोली आणि माणसं नऊ. त्याच्या बायकोने भाताची पातळ पेज पुढे केली. "वायच तरी घेवा, मावशी." चार घोट घेतले आणि वाटी सरकवली.

दुसऱ्या दिवशी हरताळ. ट्राम बंद, गिरण्या बंद. परळपर्यंत चालत गेलो. वाटेत संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लागला. एक गिरणी कामगार म्हणाला, "म्हातारे, मुंबई पाहिजे तर तोंड उघड की."

"ती तोंड उघडेल तेव्हा तू पळशील," वसंता म्हणाला. लोक हसले. मला हसणंही झेपत नव्हतं.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "गालातून सुई कवटीच्या तळाशी न्यायची, एक्सरे काढून जागा बघायची आणि नसेत स्पिरीट सोडायचं. दुखणं थांबेल, पण गाल बधिर होईल. चालेल?"

"चालेल."

"सुई नसेला लागली की जबड्यात कळ येईल. लगेच सांगा. म्हणून तर भूल देत नाही."

सुई शिरली. एक्सरे धुऊन येईपर्यंत ती गालात तशीच. मग आणखी आत, पुन्हा एक्सरे. कळ आली तेव्हा डोळ्यांपुढे अंधार झाला. मी गप्प. आमच्याकडे बाळंतिणीनेही ओरडायचं नसतं. ओटीवरच्या पुरुषांना ऐकू गेलं तर सासू जन्मभर बोलून दाखवते. डॉक्टरांनी वाट पाहिली आणि सुई काढून घेतली.

"जागा बरोबर दिसते, पण तुम्हाला काही झालंच नाही."

"झालं की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय होतं?"

ते स्टुलावर बसले. "आजी, मला एक्सरेत हाड दिसतं. नस दिसत नाही. ती तुम्हीच सांगायची."

सगळं पहिल्यापासून. या खेपेला अशी ओरडले की वसंता दारात धावत आला. स्पिरीट आत गेलं. गाल पेटला आणि विझला.

आठ दिवसांनी परतीच्या बोटीवर भाकरीचं फडकं सोडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा चावून खात होते. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, तोंडातून रक्त येतंय." गाल चावला गेला होता, मला पत्ता नव्हता. रक्त पुसलं आणि भाकरी संपवली.

दुखणं वर्षा-दोन वर्षांत परत येऊ शकतं, असं मी निघताना डॉक्टर म्हणाले. आलं तर पुन्हा जाईन. सध्या जेवताना सून समोर बसते, ओठाच्या कडेला लाल दिसलं की खूण करते. मी पुसते आणि पुढचा घास घेते.