सरकत्या छपराखालचा दत्ता

वैशाखातल्या त्या संध्याकाळी नगरला कोर्टाबाहेर रिक्षा शोधत होतो, तेव्हा कुसुमवहिनींचा फोन आला. "भाऊजी, वाऱ्यानं छप्पर उचललं... हे खालीच होते हो!" पुढे नुसता हंबरडा. अकोले तालुक्यातल्या डोंगरावर वळीव अचानक फुटला आणि दत्ता, माझा कॉलेजपासूनचा मित्र, दुर्बिणीवरचं सरकतं छप्पर ओढून घ्यायला धावला. सुटलेला पत्रा त्याच्या मानेवर आला. वहिनींच्या डोळ्यांदेखत.

संगमनेरच्या कॉलेजातली पदार्थविज्ञानाची नोकरी सोडून त्यानं डोंगरमाथ्यावर ही वेधशाळा बांधली होती. ऊन कलताच तो छप्पर उघडायचा. आतली गरम हवा निघून गेली नाही, तर तारा दुर्बिणीत नुसता थरथरतो. "ताऱ्यांचं लुकलुकणं तुम्हा लोकांना गोड वाटतं," तो मला म्हणायचा. "वर मारामारी चाललेली असते, बाबा. गरम हवा थंड हवेला धडका देते आणि प्रकाश मधल्यामध्ये मार खातो." असं खवळलेलं आकाश दिसलं की तोही खवळायचा, स्टूल लाथेनं उडवायचा, वहिनींनी पुढे केलेला चहा भिंतीवर फेकायचा. मग मुकाट्यानं फडकं घेऊन भिंत पुसत बसायचा.

पायथ्याला रिसॉर्ट झालं आणि त्याचे झगझगीत दिवे थेट वर रोखले गेले. एका तिन्हीसांजेला आम्ही दोघं विनंती करायला गेलो. मालक हसला. "सर, अंधार बघाया कोन येतंय वो हितं?" दत्तानं दगड उचलला आणि एक दिवा फोडला. मग मालकाची माणसं तुटून पडली. मी मध्ये पडलो, तर कानशिलात बसली आणि चष्मा गेला. दत्ताला त्यांनी खाली पाडून तुडवलं; बरगडी मोडली. मी त्याला गाडीत घातलं, तेव्हा तोंडातलं रक्त थुंकत तो म्हणाला, "उद्या परत जाऊ." पोलिसांपर्यंत गेलेलं प्रकरण शेवटी सरपंचांनी मिटवलं. मालकानं दिवे खाली वळवले, दत्तानं फुटलेला दिवा भरून दिला. माफी मात्र दोघांनीही मागितली नाही.

गेल्या आठवड्यात वर गेलो. चार भिंती उघड्या उभ्या. दुर्बिणीच्या नळीला मोठा पोचा.

"पत्रा लागला?" मी विचारलं.

"नाही. मी मारलं," वहिनी म्हणाल्या. "दहावा झाला आणि घण घेऊन आले. या दुर्बिणीनंच नेलं त्यांना... तुकडे करायचे होते. एक घाव घातला आणि समोर हा दिसला."

खुंटीवर दत्ताचा राखाडी स्वेटर होता. पावसात भिजून तसाच वाळलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"घण हातातून गळालाच," त्या म्हणाल्या.

बाहेर टेम्पोतून लोखंडी अँगल उतरत होते. नवं छप्पर वहिनींनी उघडणारंच सांगितलं होतं, या खेपेला भक्कम कड्यांचं. कारागीर भिंत मोकळी करायला स्वेटरकडे हात नेऊ लागला, तशा त्या ओरडल्या, "तेवढी खुंटी सोडून काम करा!"