सतरा नंबरची जागा

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या ज्या शाळेत मी ऐंशीच्या दशकात पहिली-दुसरीला शिकवायची, तिथे मंद पोरांची एक ठरलेली सोय होती. त्यांना पाण्याच्या रांजणापाशी बसवायचं. रांजण दाराजवळ, दार व्हरांड्यात उघडणारं, त्यामुळे पोर उठून गेलं तरी कुणाचं काही अडत नसे. खडू आण, घंटी वाजव, पाणी दे, अशी कामं त्याच्याकडून करून घ्यायची आणि वर्ष संपलं की पुन्हा त्याच वर्गात बसवायचं. मग कधीतरी आईबापच कंटाळून घेऊन जात. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे बडे गुरुजी म्हणत, याला दया म्हणायचे. मला त्या दयेची चीड होती, आणि माझं तोंड तसं आधीपासूनच फटकळ.

त्या वर्षी जुलैत एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी आठ वर्षांची, पण बसवली पहिलीत. आमच्यासारखंच मराठी घर, आजोबांच्या काळात विदर्भातून नोकरीपायी इकडे आलेलं. नवरा कचेरीत बाबू. मुलीचं बोलणं जड, जीभ तोंडात मावत नसल्यासारखं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हिची बुद्धी लहानच राहील. बाई ते अगदी सरळ सांगून मोकळी झाली. मग म्हणाली, "घरी बसली का मंग बसलीच, बाई. मले हिले पास नाही करायचं. वर्गात बसू द्या फक्त."

बडे गुरुजींनी एक वर्षाची मुदत दिली. वर्षभर बघू, नाही जमलं तर नाव काढू, असं त्यांनी आईच्या तोंडावर सांगितलं. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात म्हणे. कुठे असतात ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बालाघाटात नव्हती, पलीकडे गोंदियातही मी कधी ऐकली नव्हती.

पहिले दोन महिने तिनं माझ्या नाकी नऊ आणले. टाटपट्टीवर बसवावं, तर पाठ वळेपर्यंत पोरगी रांजणापाशी. पाण्याचा गिलास भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. पाटीवर लिहायची पेम हातात दिली की खाऊन टाकायची. बाकीची पोरं हसायची, मी त्यांच्यावर खेकसायची, आणि त्या सगळ्या गोंधळात शिकवणं राहायचं बाजूला. घरी जाऊन मी स्वतःवरच चडफडायची.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. हजेरीच्या वेळी ती हलत नसे. नाव घेतलं की पोरगं उभं राहतं, 'उपस्थित बहनजी' म्हणतं, बसतं. हे ती टक लावून बघायची. आपलं नाव यायच्या जरा आधी तिची चुळबुळ सुरू व्हायची. म्हणजे पोरीला पाळी कळत होती. कधीतरी आपल्याला हाक येणार हे माहीत असलं, तर ती बसून राहत होती. एरवी अख्ख्या दिवसात तिला हाक मारत होतं कोण? मग ती रांजणापाशी जाणार नाही तर काय करणार?

मग मी गिनतीही तशीच घ्यायला लागले. सगळीकडे पोरं एका सुरात ओरडून एक, दोन, तीन अशी गिनती म्हणतात. मी ते बंद केलं. प्रत्येकाला एक आकडा नेमून दिला. ज्याचा आकडा त्यानं उभं राहायचं, म्हणायचं, बसायचं. तिला सतरा दिला, कारण ती जिथे बसायची तिथे तो पडत होता. नियम एकच होता आणि त्यात माफी नव्हती: दुसऱ्याचा आकडा कुणी म्हणायचा नाही. ज्याचा आहे तो म्हणेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं.

सुरुवातीला सोळावर घोडं अडायचं. ती रांजणाकडे बघत बसलेली. पोरं कुजबुजायची, शेजारची तिला कोपरानं ढोसायची, एखाद्या आगाऊ पोराच्या तोंडून सतरा निसटायचा. मग मी गिनती पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. पोरं वैतागायची. मी आतून त्यांच्याहून जास्त वैतागायची, पण तोंड शिवून उभी राहायची. फक्त तिला आपल्या बोलीत सांगायची, "ऊठ वं माय, तुही पाळी आली." शाळा सगळी हिंदीतली, पण तिला घरची भाषा लवकर पोचायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर केव्हातरी ती उठली. बोलली काही नाही. जमिनीवर तळहात आपटला, उभी राहिली आणि बसली. मी म्हटलं, चालेल. पोरांनाही चाललं, अठरावाली लगेच उठली. मग रोज तेच. हळूहळू बारा-तेरा आले की ती सरसावून बसू लागली, पंधराला तर हसू फुटायचं. मी पाढ्यात तिची पाळी ठेवली, वाचनात ठेवली. एक ओळ वाचून झाली की ती फळ्यावरून पुसायचं काम तिचं, आणि ओळ संपली हे तिनंच ओळखायचं. शिकली किती, तर फार नाही. पण रांजणाकडे जाणं सुटलं. वर्गाचीही एक गंमत झाली, पोरं थांबायला शिकली. चाळीस पोरं चिडीचूप बसून एकीची वाट बघतात, हे मी नंतर दुसऱ्या कुठल्या वर्गात पाहिलं नाही.

फेब्रुवारीत मुआयना, म्हणजे शाळेची तपासणी, लागला. निरीक्षक साहेब बैहरकडच्या शाळा उरकून जीपने येणार होते. दगडांना चुना लागला, व्हरांडा सारवून झाला. मुआयन्याच्या दिवशी कच्च्या पोरांना सुट्टी द्यायची, ही आमच्याकडची जुनी चाल. पोरं खूश, गुरुजी खूश, साहेबही खूश. मी आधीच जाऊन बडे गुरुजींना बजावलं होतं की माझ्या वर्गातलं कुणी घरी राहणार नाही. ते हो म्हणाले. ती पोरगी साहेबांच्या नजरेस पडली तर नाव तिथल्या तिथे काढावं लागेल, असंही म्हणाले, पण हो म्हणाले.

त्या दिवशी हजेरी घेताना तिची जागा रिकामी दिसली. मला वाटलं, आजारी असेल. नंतर शेजारच्या मुलीनं सांगितलं की ती आली होती, लाल रिबिनी बांधून आईबरोबर आली होती. बडे गुरुजींनी फाटकातच दोघींना अडवलं, तिच्या हातावर पेपरमिंट ठेवलं आणि परत पाठवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोवर जीपचा आवाज आला होता.

साहेब वर्गात आले. मागे बडे गुरुजी, हात जोडलेले. साहेबांनी गिनती म्हणायला सांगितलं. पोरं सवयीप्रमाणे एकेक करून उठू लागली. साहेबांना ते आवडलं असावं, मान डोलावत होते. सोळा झाले आणि वर्ग थांबला. एकही पोरगं हललं नाही. सगळ्यांचे डोळे टाटपट्टीवरच्या त्या रिकाम्या जागेकडे. साहेब म्हणाले, आगे? बडे गुरुजी मागून ओठ हलवून सत्रह, सत्रह करत होते. त्यांची पाचावर धारण बसली होती. मी एका शब्दानं ती कोंडी फोडू शकले असते. फोडली नाही. मूग गिळून उभी राहिले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

साहेबांनी अठरावालीला उभं केलं. सतरा येत नाही का, असं विचारलं. येतो म्हणाली. मग म्हण की, तर म्हणाली, "सत्रह मेरा नहीं है, सर." तिनं रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. जिचा आहे ती कुठे, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तिनं बडे गुरुजींकडे पाहिलं आणि जसं घडलं तसं सांगून टाकलं. सहा वर्षांच्या पोरीला लपवायचं काय असतं हेच माहीत नव्हतं.

साहेब रागावले नाहीत. चांगले किंवा वाईट, असे कुठलेच नव्हते ते; त्यांना जेवायला उशीर होत होता. बाहेर पडताना एवढंच म्हणाले की पुढच्या महिन्यात पुन्हा येईन, हाच वर्ग बघेन, आणि गिनती पूरी ऐकेन.

जीप गेल्यावर बडे गुरुजी माझ्यावर बरसले. आपने नाक कटवा दी वगैरे. मीही ऐकून घेणारी नव्हते. त्यांनी स्वतः माझ्या वर्गात येऊन पोरांना एका सुरात म्हणायला लावलं. पोरं सोळापर्यंत खणखणीत म्हणायची आणि पुढे अडायची, काही म्हणायची, काही शेजाऱ्याला चिमटा काढायची. चार दिवसांत त्यांनी हात टेकले.

इकडे ती शाळेत यायची बंद झाली होती. मी घरी गेले तर आईनं चहा दिला, आणि मुलीला पाठवणार नाही म्हणाली. दारातून परत लावली, आता पुरे, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. मुलगी ओसरीवर गिलासातून पाणी ओतत बसली होती. माझ्याकडे बघून हसली, पुन्हा ओतू लागली. वर्षभर जे कमावलं ते डोळ्यांदेखत चाललं होतं. चहा संपवून मी उठले.

साहेबांची यायची तारीख जवळ आली तेव्हा बडे गुरुजी एका संध्याकाळी मला म्हणाले, चलिए. सायकल हातात धरून ते माझ्यासोबत त्या घरापर्यंत चालत आले. बाई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, पण उठली नाही. बडे गुरुजी अंगणातच उभे राहिले. हिंदीतच म्हणाले की परवा मुआयना आहे, मुलीला पाठवा.

बाईनं सूप खाली ठेवलं.

"आतापावेतो सगळे 'हिले घेऊन जा' म्हणत आले, गुरुजी. 'पाठवा' म्हणणारे तुमीच पहिले," ती म्हणाली. "पण पाठवीन त रोज पाठवीन. यंदाही अन् पुढच्या सालीही. एका दिवसासाठी माही पोरगी नाही भेटणार तुमाले."

बडे गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आमच्या भाषेतला एक शब्द मी ऐकला नव्हता.

"हौ," ते म्हणाले.