सेवुगनची मिशी कुणासाठी गेली

मद्रासमधल्या वडपळणीच्या सिनेमावाल्यांच्या गल्लीत सेवुगनच्या चेहऱ्याकडे कुणी पाहत नाही. सगळे त्याच्या डोक्याकडे पाहतात. हिरो एकाच पिक्चरमध्ये दोन भूमिका करतो तेव्हा त्याच्यासमोर दुसरा म्हणून जो पाठमोरा बसतो, तो सेवुगन. खांदे, मान, कानांची ठेवण हुबेहूब हिरोची. नाक मात्र फताडं, डोळे एकमेकांपासून लांब लांब. कॅमेऱ्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. हिरोने आजवर त्याला शेकडो थपडा मारल्या असतील आणि तितक्याच वेळा ‘भावा’ म्हणून गळ्याशी धरलं असेल. दोन्ही वेळा पडद्यावर दिसते ती पाठ.

हिरोचा न्हावीच त्याचे केस कापतो. त्यामुळे हिरोचा नवा अवतार कंपनीने कितीही लपवला तरी मस्तानभाईच्या चहाच्या टपरीवर तो आधीच पोचलेला असे.

“कल्ले वाढवलेत अण्णा. जुन्या काळातलं पिक्चर दिसतंय,” रायप्पन म्हणायचा. हा हिरोच्या फॅन मंडळाचा सचिव. सेवुगन चहाला आला की हा मुद्दाम त्याच्या मागच्या बाकावर बसे.

“बायकोला आवडतात,” सेवुगन सांगे. कुणी विश्वास ठेवत नसे.

या वेळचं पिक्चर जुळ्या भावांचं होतं. थोरला पोलीस अधिकारी, धाकटा कासिमेडूच्या बंदरातला दादा. शेवट काय, हे फक्त दिग्दर्शकाला आणि प्रॉडक्शन मॅनेजर कुळंदैवेलूला ठाऊक होतं. स्टुडिओच्या फाटकावर सगळ्यांचे फोन काढून घेत. सेवुगनला तर काहीच सांगत नसत, पाठीला संवाद कशाला हवेत? एकच हुकूम होता: क्लायमॅक्स संपेपर्यंत केसाला हात लावायचा नाही. लावलास तर दुसरी पाठ शोधू. आणि दुसरी पाठ होती. सालिग्रामममधला एक पोरगा दोन वर्षांपासून मान वळवण्याची तालीम करत होता.

अशात सिंगमपुणरीजवळच्या गावी सेवुगनचा बाप गेला. त्याने कुळंदैवेलूला फोन लावला, तो लागला नाही. मग बस धरली.

स्मशानात न्हाव्याने वस्तरा उघडला तेव्हा सेवुगन हळूच म्हणाला, “मागची एक बट तेवढी काढ. बाकीचे कंपनीचे आहेत.”

शेजारी उभ्या काकांनी ते ऐकलं. “बापाच्या चितेपुढे दुसऱ्याचे केस घेऊन उभा राहणार का रे?”

सेवुगन खाली बसला. डोकं गेलं, मिशीही गेली.

तीन दिवसांनी तो मद्रासला परतला तो टोपी घालून. पण टोपीने डोकं झाकता येतं, ओठ कसा झाकणार? नवसाला पळणीच्या देवळात मुंडण करून आलेला माणूस बहुधा मिशी राखून येतो. मिशीही गेली म्हणजे घरात कुणी गेलं.

“कोण गेलं?” मस्तानभाईने विचारलं.

“बाप.”

“कुणाचा?” मागच्या बाकावरून रायप्पन.

“माझा. आणखी कुणाचा?”

“अण्णा, आम्हाला काय खुळे समजलात? जुळ्यांचा बाप पोस्टरवरच मेलेला दाखवलाय. गळ्यात हार घातलेला फोटो आहे. मग आता अग्नी कोण कुणाला देतंय?” त्याने बोटांवर हिशेब केला. “धाकट्याला गाणी आहेत, नायिका आहे. तो मरायचा नाही. थोरला जातो. बरोबर ना?”

“माझा बाप गेलाय रे,” सेवुगन पुन्हा म्हणाला.

“कंपनीने असंच सांगायला सांगितलं असणार,” रायप्पन बाकीच्यांकडे बघत म्हणाला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी मदुरै, तिरुनेलवेलीपर्यंत फोनाफोनीने पोचली. पोलीस मरणार असेल तर पिक्चर लागेल त्या दिवशी हिरोच्या कटआउटवर दूध ओतणार नाही, असं मदुरैच्या पोरांनी जाहीर करून टाकलं.

कुळंदैवेलूने सेवुगनला ऑफिसात बोलावलं. बस म्हणाला नाही.

“किती लोकांना सांगितलंस?”

“काय साहेब?”

“थोरला मरतो ते.”

“थोरला मरतो?” सेवुगन म्हणाला. “मला तर आत्ता तुमच्याकडूनच कळतंय.”

कुळंदैवेलूने उठून दार लावून घेतलं. “नाटक नको. शूटिंग निघालं की या गल्लीत प्रत्येकाचा बाप मरतो. लाइटमनचा तर तीनदा मेलाय.”

“माझा पहिल्यांदाच मेलाय, साहेब.”

सोळाव्या दिवसाच्या जेवणाला सेवुगन गावी गेला, तेव्हा तिथे एक अनोळखी माणूस येऊन बसला. कोणत्या बाजूचा पाहुणा हे कुणालाच सांगता येईना. पायसम त्याने दोनदा मागून घेतलं, मग बापाच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहून मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि हात धुऊन निघून गेला. काकांना वाटलं, सावकाराकडचा असेल. सेवुगनने ओळखलं. कंपनीच्या गाडीवरचा ड्रायव्हर होता तो.

चारच दिवसांत कुळंदैवेलू स्वतः सेवुगनच्या खोलीवर आला. मोबाइल पुढे धरून म्हणाला, “हा कोण?”

“माझा बाप.”

“हा तू आहेस.”

फोटोतही तेच फताडं नाक आणि तेच लांब लांब डोळे होते. केस तेवढे पांढरे.

“तीस वर्षं मी या धंद्यात आहे,” कुळंदैवेलू म्हणाला. “बाप आणि मुलगा एकसारखे दिसले की तिथे माणूस एकच असतो. पांढरा विग कुठला आणलास? आपल्या मेकअप रूममधला?”

सेवुगनची बायको तेनमोळी इतका वेळ चुलीपाशी होती. ती डाव हातात घेऊनच बाहेर आली. “अहो साहेब, बापासारखा मुलगा दिसतो यात नवल काय? तुमचा मुलगा कुणासारखा दिसतो?”

“तेनमोळी,” सेवुगन म्हणाला.

“थांबा तुम्ही.” तिने भिंतीवरची तसबीर काढून मॅनेजरच्या हातात दिली. लग्नातली होती. मधे नवरदेव सेवुगन, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाप. दोघांचे चेहरे समोर.

कुळंदैवेलू ती घेऊन दारातल्या उजेडात गेला. दोघांच्या मधे कुठे जोड दिसतो का ते त्याने नखाने चाचपून पाहिलं. मग बापाच्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिला. दोन भूमिकांनी एकमेकांना शिवायचं तर एकाची पाठच दाखवावी लागते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? इथे दोन्ही तोंडं समोर होती आणि हात खांद्यावर होता.

“हल्ली कॉम्प्युटरवर काहीही करता येतं,” शेवटी तो म्हणाला. पण आवाज उतरला होता. निघताना त्याने सेवुगनच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं असावं.

सेवुगनचं काम त्या तसबिरीने वाचलं नाही. ते वाचवलं मदुरैच्या पोरांनी. शेवट फुटला म्हणून दिग्दर्शकाने तो बदलला. आता थोरला मरणार नव्हता. गोळी खांद्याला चाटून जाणार होती आणि दोन्ही भाऊ जळत्या गोदामासमोर एकमेकांना मिठी मारणार होते. मिठीला पाठ लागते. सालिग्रामममधल्या पोराला उभं करून पाहिलं, पण हिरो म्हणाला, हा अंग आखडतो, जुना बोलवा.

सेवुगन विग लावून उभा राहिला. हिरोने त्याला घट्ट धरलं, एका बाजूने आणि मग शर्ट बदलून दुसऱ्या बाजूने. कॅमेऱ्यामागे कुळंदैवेलू होता. त्याची नजर सेवुगनच्या हातांवर होती, त्यात फोन आहे की नाही ते पाहत. पिक्चर चाललं. थोरला वाचला म्हणून रायप्पनने फटाके वाजवले. ‘कंपनीने आपल्याला बरोबर चकवलं’ असं तो अजून सांगतो.

यंदा पोंगलनंतर सेवुगनला पुढचं काम मिळालं. हिरो त्यात एका मठातला स्वामी आहे आणि त्याचा भाऊ चोर. डोकं आणि मिशी पुन्हा उतरली, या वेळी कंपनीच्या न्हाव्याकडून. टपरीवर रायप्पनने विचारलंच, “घरचं की कंपनीचं?” सेवुगन चहाचे पैसे ठेवून निघाला.

घरी तेनमोळीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली.

“आई बरी आहे ना?”

“बरी आहे. मिशी शूटिंगसाठी काढलीय.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, आत गेली आणि गावाला फोन लावला. पलीकडून सासूचा आवाज आला. शेजारच्या कोंबड्या अंगणात शिरल्या म्हणून ती कुणाला तरी शिव्या घालत होती. तेनमोळीने ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मगच नवऱ्याला पाणी दिलं.