राणीचं थांबणं

तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत एका नाटक कंपनीत मी उमेदवारी करत होते, तेव्हा भेटेल त्याला ‘असिस्टंट डायरेक्टर’ अशी स्वतःची ओळख करून देत असे. कामं म्हणजे काप्पी आणायची, पत्र्याच्या शेडमधला केर काढायचा, पडदे उंदरांनी कुरतडले का ते बघायचं. डोळ्यांवर गॉगल, तोही शेडच्या आत. त्या अंधारात एकदा दरबाराच्या खांबावर जाऊन आदळले. खांब कापडावर रंगवलेला होता म्हणून नाक शाबूत राहिलं.

कंपनी मामांची. वर्षभर देवळांच्या उत्सवांत तमिळ नाटकं, आणि एकदाच मराठी, गल्लीतल्या आपल्या माणसांसाठी. त्या मराठी नाटकात मामा राजा आणि मामी राणी. मामी आदल्या वर्षी गेल्या. घरोघरी नुकती केबल आली होती, त्यामुळे प्रेक्षक आधीच पांगलेले. यंदा हा खेळ उभा राहिला नाही तर मराठी नाटक कायमचं बंद, असं मामांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे पेटी वाजवणाऱ्या अक्कांनी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

कंपनीचा एक रिवाज होता. गेलेल्या माणसाचं काम वर्षभर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. तालमीत त्याची जागा रिकामी ठेवायची आणि त्याच्या वाक्यांना लागेल तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं. राणीचं स्टूल पुसून त्यावर कनकांबराचा गजरा ठेवणं माझ्याकडे होतं. मी नाटकाची पोथी उघडून बसायची. अक्का एक सूर धरून ठेवायच्या. मामा रिकाम्या स्टुलाकडे मान कलती करून ऐकायचे आणि बरोबर वेळेला उत्तर द्यायचे, “नावाडी आला, राणी. नाव नाही आली.”

एक शब्द कधी चुकला नाही. भर दुपारी, पत्रा तापलेला असताना माझ्या अंगावर काटा यायचा. तो मी गॉगलमागे लपवायची. काटा गॉगलमागे लपत नाही, हे तेव्हा कळत नव्हतं.

वर्ष सरलं आणि राणी मला मिळाली. अभिनयासाठी नव्हे, मामींची नऊवारी मला आखूड पडत नव्हती म्हणून. पहिल्या तालमीला मी स्टुलावर बसले, मान वेळावली आणि वाक्य फेकलं, “महाराज, नावाडी आला का?”

मामा ऐकत राहिले. मला वाटलं, माझ्या अभिनयानं थक्क झाले. लगेच मी पुढचं वाक्य हाणलं, मग त्याच्या पुढचं. मामांचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलले, शब्द नाही. राजाचा हात हवेत तसाच राहिला. मग ते खाली बसले.

अक्कांनी पेटीचा भाता बंद केला. “काय ग, बस सुटायलीय का तुझी?”

“मी काय केलं, अक्का? त्यांनाच आठवेना.”

“त्याला कैक वर्षं काही आठवत नाही. राणी पदर तोंडाशी नेऊन थांबायची, ठाऊक आहे ना? लोक म्हणायचे, काय अभिनय! अभिनय कसला, डोंबल. पदराआडून ती त्याला पुढचं सांगायची.”

मला रिकाम्या स्टुलासमोरच्या सगळ्या तालमी आठवल्या. “मग गेलं वर्षभर...?”

अक्कांनी पुन्हा सूर धरला. “म्हणून सांगते. पदर तोंडाशी ने आणि उगी राहा. तिला सांगू दे.”

मी पदर नेला. माझे ओठ मिटलेले होते, देवाशपथ. पेटीचा सूर आणि पत्र्याची करकर, एवढंच ऐकू येत होतं. मामांनी मान कलती केली. माझ्याकडे नव्हे, माझ्या कानाजवळ कुठंतरी बघत ते हळूहळू उठले.

“नावाडी आला, राणी. नाव नाही आली.”

खेळाच्या दिवशी गल्ली भरून आली. मी थांबत गेले, मामा बोलत गेले. सगळं सुरळीत चाललं होतं आणि शेवटच्या प्रवेशात राणीबाईंचंच, म्हणजे माझंच, वाक्य उडालं. पदर तोंडाशी, आत सगळं कोरं. समोर आमच्या गल्लीतल्या बायका डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं, काय थांबते ही पोरगी!

मामा एक पाऊल पुढं आले. मिशीवर हात ठेवून, मामींशी बोलायचे त्याच लाडिक चिडीनं पुटपुटले, “अग, दिवा विझवू नका म्हण.”

मी म्हटलं. पडदा पडला, टाळ्या झाल्या, आणि मी पुन्हा गॉगल लावून मिरवले.

राणीची वाक्यं मामांना कधीच पाठ नव्हती.