सात नंबरचा ठसा

फोटोतला ठसा माझाच होता. सातचा आकडा, त्याचं शेपूट जरा तुटलेलं.

"दानिएल, हे काय आहे?" पाटीलसाहेबांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. साहेब आमचे क्वालिटी मॅनेजर.

कस्टमरनं फोटो पाठवले होते. आमच्या फौंड्रीत ओतलेले ब्रेक ड्रम. रंग खरवडल्यावर खाली ब्लो होल दिसत होती. वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना हवा अडकली की पोकळी राहते, ती ब्लो होल. असा ड्रम भंगारात टाकायचा. इथं कुणीतरी भोकात पुट्टी भरून वर रंग मारला होता. शेजारी हातोडीनं ठोकलेला, पास झाल्याचा ठसा. प्रत्येक इन्स्पेक्टरचा नंबर वेगळा असतो, त्यामुळे ठसा म्हणजे त्याची सहीच.

"माल परत यायला दोन दिवस लागतील. तोवर कुणी केलं ते शोधा. नाहीतर मी तुमचंच नाव वर कळवणार."

मी जागेवर आलो आणि नजर थेट शेजारच्या टेबलाकडं गेली. तिथं इरफान काम करत होता.

कारण साधं होतं. आमच्या कंपनीला सुट्टी सोमवारी. रविवारी पहिली शिफ्ट, आणि चर्चची उपासना साडेआठला. मी गेटपास काढून दीड तास जायचो. तेवढा वेळ माझं टेबल, ठशासकट, इरफान सांभाळायचा. शुक्रवारी दुपारी तो नमाजला गेला की त्याचं टेबल मी बघायचो. ठसा दुसऱ्याच्या हातात देणं नियमात बसत नाही, पण आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

माझा ठसा दुसऱ्या कुणाकडं जातो? इरफानकडं. एवढा हिशेब करून मी साहेबांना त्याचं नाव सांगून आलो. मग त्याच्या ड्रॉवरमध्ये पुट्टी शोधली. तो फोनवर बोलला की कान टवकारले. त्यानं डबा उघडून "ये, जेव की" म्हटलं, तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. लिहितानाही लाज वाटते.

आशिषनं आगीत तेल ओतलं. आशिष प्रॉडक्शनचा इंजिनिअर. आम्ही एकाच संडेस्कूलमध्ये वाढलो, चर्चच्या गायनमंडळात तो माझ्या शेजारी उभा राहायचा.

"तुला किती वेळा सांगितलं, आपल्या माणसांत ऊठबस ठेव," तो म्हणाला. "बाहेरच्यांच्या संगतीत हेच होतं."

मला ते पटलं. संगतीवरचा पाळकांचा उपदेश मी लहानपणापासून ऐकत होतो. त्यातली वाईट संगत चर्चच्या बाहेरच असते, हे मात्र पाळक कधी म्हणाले नव्हते. ते आम्हीच धरून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी माल आला. प्रत्येक ड्रमवर हीट नंबर असतो, त्यावरून लोखंड कुठल्या दिवशी ओतलं ते कळतं. आज ओतलेला माल उद्या तपासणीला येतो. म्हणजे इरफाननं रविवारी पास केलेले ड्रम शनिवारचे असणार. मी एकेक ड्रम उलटा करून नंबर वाचला. शनिवारचा एकही नव्हता. सगळे गुरुवारचे.

ठसा शुक्रवारी पडला होता. शुक्रवारी तो माझ्याकडंच असतो.

मग आठवलं. शुक्रवारी दुपारी दोन टेबलांचं काम एकट्यावर पडायचं, तेव्हा आशिष यायचा. "तू इरफानचं टेबल बघ, तुझ्या ड्रमवर मी ठसे मारतो." तो हातोडी मारायचा, आणि आम्ही नाताळच्या गाण्यांबद्दल बोलायचो. त्या ड्रमकडं मी बघायचोच नाही. त्याच्या लाइनचं रिजेक्शन कमी म्हणून त्याचं प्रमोशन ठरलं होतं. त्याचे पेढेही मी खाल्ले होते.

मी त्याला गाठलं. तो नाही म्हणाला नाही.

"साहेबांना इरफानवर संशय आहेच. रिपोर्ट तू लिहिणार. हीट नंबराचं लिहू नकोस, बास. दानिएल, आपण एका वेदीपुढं गुडघे टेकतो."

खरं सांगतो, मी एक रात्र विचार केला. सकाळी इरफानकडं गेलो.

"रविवारी माझा ठसा मारताना तू काय बघायचास?"

"साहेबांनी मला कालच बोलावलं व्हतं. नाव तूच दिलंस म्हणं." त्यानं हातातला ड्रम खाली ठेवला. "आता ऐक. माझा ठसा मारताना मी एकदा बघतो. तुझा मारताना दोनदा बघतो. माझं नाव गेलं तर माझं मी निस्तरीन. तुझं घालवायचा मला काय अधिकार हाय?"

इरफान माझ्याशी धर्माबद्दल कधी एक शब्द बोलला नव्हता. पण साहेबांच्या केबिनपर्यंत मला त्याच्या त्या बोलण्यानं नेलं. माझ्या प्रार्थनेत तेवढा जोर नव्हता.

"म्हणजे न बघता तुमचा ठसा पडत होता?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"लेखी द्याल?"

दिलं. आशिषला राजीनामा द्यावा लागला. माझा ठसा काढून घेतला, आणि रिटायर होईपर्यंत मी स्टोअरमध्ये होतो. आमच्या अदलाबदलीबद्दल इरफानलाही मेमो मिळाला. तो माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. चर्चमध्ये काहीजण अजून म्हणतात, आपल्याच माणसाला बुडवलं.

नवीन इन्स्पेक्टर स्टोअरमध्ये आले, की मी त्यांना एवढंच सांगायचो. सोबती कुठंही प्रार्थना करू दे, त्याचा ड्रम उलटा करून बघा. तो तुमच्याच शेजारी बसून प्रार्थना करत असेल, तर दोनदा बघा.