फोटोतून कापलेल्या दोघी

सोमवारी एका कंपनीत माझं भाषण ठरलं होतं. विषय नेहमीचाच, संकटातून माणूस कसा घडतो. पंधरा वर्षं मी याच विषयावर बोलून पोट भरलं. सात महिन्यांपूर्वी बायको गेली आणि तोंड मिटलं. आता पुन्हा उभं राहायचं तर हाताशी काहीतरी नवं हवं, म्हणून शनिवारी सकाळी साडेसहाला ठाण्याहून मोटरसायकल काढली. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर चांगुणाबाई राहतात. त्यांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आणि परतायचं, इतकाच बेत होता.

माझ्या शिबिरांना आलेल्यांना चांगुणाबाई पाठ असतील. पाच वर्षांपूर्वी जुलैत मी एक गट घेऊन तिथून चाललो होतो. शेतात लावणी चालू होती. कुणीतरी बोट दाखवून म्हणालं, त्या बाईचा पोर काल गेला. मी लांबूनच फोटो काढला आणि पुढे निघालो. चिखलात ताठ उभी असलेली ती बाई मग माझ्या प्रत्येक भाषणात आली. टाळ्या हमखास.

बायको गेल्याच्या चौथ्या दिवशी माझ्या मुलीची, सईची, कॉलेजची चाचणी होती. ती नाही म्हणत होती. मी तिला चांगुणाबाईंची गोष्ट सांगितली, म्हणालो, ती बाई दुसऱ्या दिवशी कामाला लागली, तू तर शिकलेली मुलगी. सई गेली. तेव्हापासून आमचं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'जेवले' यावर आलंय. हे मी भाषणात सांगत नाही.

रस्त्याचं सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच हा ब्लॉग वाचतात. शहापूरपर्यंत हायवे. ट्रकांच्या मागे धूळ खायची तयारी ठेवा. गाडी नसेल तर लोकलने आसनगावला उतरून रिक्षाने शहापूर, तिथून मुरबाडकडे एसटी मिळते, पण वेळ आधी विचारून घ्या. शहापूरच्या बाजारात मिसळ खाल्ली, सत्तर रुपये, तर्री जाळ. आमची शिबिरं याच भागात एका फार्महाउसवर भरायची. तिथून गट पाड्यावर न्यायचो, डोक्यावर हंडा देऊन विहिरीपासून चालायला लावायचो आणि मग विचारायचो, काय शिकलात? लोक डोळे पुसायचे. मला त्या मिसळीवर ते आठवलं आणि मी उरलेली तशीच टाकून उठलो.

मुरबाडला पेट्रोल आणि पाणी भरून घ्या, पुढे भरवसा नाही. म्हसा सोडल्यावर समोर सिद्धगड दिसू लागतो. मार्च संपत आलेला, ओढे कोरडे, माळ करपलेला, आणि जागोजाग धूर. भाताचं रोप पेरायची जागा पालापाचोळा आणि शेण पसरून भाजून काढतात, त्याला राब म्हणतात. पाड्याचं नाव लिहीत नाही. मी ते पुरेसं वापरलंय.

चांगुणाबाई राबावरच भेटल्या. बरोबर बुधीबाई, शेजारीण, वयाने मोठी, जिभेने तिखट. मी माझी ओळख सांगितली, फोनवरचा फोटो दाखवला. चांगुणाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला.

"हे कवा काढलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमचा मुलगा गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"गणूला पान लागलं," त्या म्हणाल्या. साप चावला असं इथे म्हणत नाहीत. "मला काय बी आठवत नाय त्या दिसाचं. मी शेतात व्हते?"

बुधीबाईंनी फोन ओढून घेतला. "मी कुठं हाय यात? हिच्या बाजूलाच व्हते मी. आन् ह्या अंगाला पल्याडच्या घरची सोमी."

मी फोनमधला मूळ फोटो शोधून काढला. भाषणासाठी मी दोन्ही बाजू कापल्या होत्या, कारण बाई एकटी दिसली की परिणाम वाढतो. मूळ फोटोत डावीकडे बुधीबाई होत्या. त्यांनी चांगुणाबाईंचं मनगट घट्ट धरलं होतं. उजवीकडे सोमीच्या मुठीत त्यांचा पदर.

"सुतकात बाई शेतात उतरत नाय, दादा," बुधीबाई म्हणाल्या. "पन हिला घरात ठेवायची कशी? रात्री दोनदा इहिरीकडं पळाली. लावनी तं थांबत नाय, रोपं काढून ठेवलेली. आमी बाया एकमेकींच्या शेतावर पाळीनं जातो. त्या दिसाची पाळी माझ्या शेताची व्हती. म्हनलं, आज हिचं शेत लावू, आन् हिला मधी उभी करू. हिनं एक काडी नाय लावली. नुसती उभी. पंधरा दिस अशीच फिरवली."

मी पाच वर्षं जिला जिद्द म्हणत होतो, ती शेजारणींची पकड होती. मला लाज वाटली, इतकी की मान वर होईना. तरी सवय जाते कुठे? सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. मी विचारलंच, "मग या सगळ्यातून तुम्ही काय शिकलात?"

चांगुणाबाईंनी राबाची कड काठीने आत ढकलली. "काय शिकनार? पोर गेला. शिकायला गेला का तो?" मग म्हणाल्या, "आता कुनाच्या घरी असं झालं का मी जाते. तिला एकटी नाय सोडत. ती शिव्या देते, देऊ दे."

बुधीबाईंनी मला पाणी दिलं आणि सहज विचारलं, "तुमची मंडळी बरी हायत ना?"

बायको गेल्याचं सांगितलं, घरी एक मुलगी आहे तेही.

"मंग पोरीजवळ कोन हाय?"

"कुणी नाही."

"मंग तू हितं काय करतोस रे?"

व्हिडिओ केला नाही. त्यांनी नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. पैसे देऊ केले तर बुधीबाई रागावल्या. कुणी गेलात तर कृपा करून फोटो काढू नका.

परतीचा रस्ता मला आठवत नाही. संध्याकाळी घरी पोचलो, कंपनीला फोन करून सोमवारचं भाषण रद्द केलं. मग सईच्या खोलीत गेलो, मूळ फोटो दाखवला आणि म्हणालो, मी तुला खोटी गोष्ट सांगून पाठवलं. माझं चुकलं.

ती फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी पेपर दिलाच नाही."

"मग कुठे होतीस?"

"कॉलेजसमोरच्या बसस्टॉपवर. पेपर सुटेपर्यंत बसले होते. तू घरी आल्यावर विचारणार हे माहीत होतं, म्हणून मैत्रिणीकडून प्रश्नपत्रिका घेतली आणि रिक्षात उत्तरं पाठ केली."

मी तिच्याशेजारी बसलो, ती सरकली नाही. पण त्या प्रवासातून काय उरलं म्हणाल तर ती चाचणीच्या दिवसाची संध्याकाळ उरली. आईला जाऊन चार दिवस झालेल्या पोरीला समोर बसवून मी एकेक प्रश्न विचारला होता, तिने एकेकाचं उत्तर बिनचूक दिलं होतं, आणि मी तिची पाठ थोपटली होती.